आधी भाषा, मग पदवी, मग परदेश

दहावी-बारावीचे निकाल लागले की पनवेल, उरण आणि नवी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर फलक झळकू लागतात. विमानाचे चित्र, गळ्यात टाय बांधलेला तरुण, मागे एखाद्या परदेशी शहराचा देखावा आणि खाली मजकूर : पर्यटन व्यवस्थापनाची पदविका, परकीय भाषा मोफत, परदेशात प्रशिक्षणाची हमी. या फलकावरचा 'मोफत' हा शब्द वाचकांनी नीट पाहावा, अशी आमची विनंती आहे. ज्या गोष्टीवर या धंद्यातील सारी कमाई अवलंबून आहे, तीच गोष्ट इथे भाजीवरच्या कोथिंबिरीसारखी वरून टाकली जाते आणि ज्याची किंमत सर्वांत कमी, त्या कागदासाठी लाखो रुपये मागितले जातात.

पर्यटन, परकीय भाषा आणि परदेशातील शिक्षण या तिन्हींची सांगड घालणे हा उत्तम विचार आहे. आमचा आक्षेप सांगडीला नाही, तिच्या क्रमाला आहे. बाजारात क्रम असा विकला जातो : आधी परदेश, मग पदवी आणि जमले तर भाषा. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. आधी भाषा, मग पदवी आणि शेवटी परदेश. हा क्रम पाळणाऱ्या मुलाचे पैसे वाचतात आणि जो पाळत नाही त्याच्या बापाची जमीन जाते, हे आम्ही जासई गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत.

जासईला दुसरी संधी

पनवेलहून उरणकडे जाताना लागणारे जासई हे काही अनोळखी गाव नाही. दि. बा. पाटील याच गावचे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात या परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उभा राहिला. पुढे हा हक्क नवी मुंबईच्या सर्व प्रकल्पग्रस्तांच्या उपयोगी पडला. त्यात आगरी होते, कोळी होते, कराडी होते आणि कोकणी मुसलमानही होते.

१९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. बंदर आले तेव्हा मोठ्या आशा होत्या. प्रत्यक्षात या पट्ट्यातील अनेक घरांच्या वाट्याला ट्रेलरचे चाक, कंटेनर यार्डातील राखण आणि कंत्राटी मजुरी आली. शिपिंग आणि कस्टम क्लिअरिंगच्या टेबलावर बसण्यासाठी जे शिक्षण लागत होते, ते बंदर येण्यापूर्वी दहा वर्षे घ्यायला हवे होते. ते कोणी सांगितले नाही आणि कोणी घेतले नाही. भूखंड मिळाले, काही विकले गेले, बंगले झाले, गाड्या आल्या. पण टेबल दुसऱ्याचेच राहिले.

आता दुसरी संधी दारात उभी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. तो जासईच्या शेजारी चिर्ले येथे उतरतो. त्याच दिवशी नेरूळ-उरण लोकल थेट उरणपर्यंत धावू लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. सर्व टप्पे पुरे झाल्यावर ती नऊ कोटींवर जाईल. बंदरातून माल येतो, विमानतळातून माणसे येतात. मालाला भाषा लागत नाही, माणसांना लागते. बंदर आणि विमानतळ यांतील हा फरक ज्याला उमगला, त्याला आमचा पुढचा सारा मुद्दा समजला असे समजावे.

धंदा कसा चालतो?

पर्यटन म्हणजे फक्त गाइड होऊन छत्री उंच धरून चालणे नव्हे. तिकिटे काढणे, व्हिसाचे कागद तयार करणे, सहलीची आखणी, हॉटेलांशी दराची बोलणी, विमानतळावरील स्वागत, हॉटेलचा स्वागतकक्ष, मोठ्या परिषदा भरवणे, रुग्णांना उपचारासाठी आणणे, अशी या धंद्याची अनेक अंगे आहेत. यातील बहुतेक कामे शिकता येतात. तिकिटाची संगणकीय प्रणाली एखादा हुशार मुलगा काही महिन्यांत आत्मसात करतो. भाषा मात्र महिन्या-दोन महिन्यांत येत नाही. म्हणूनच ज्याला ती येते, त्याची किंमत टिकून राहते.

आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. पुढे १९९२ आणि २००३ अशा दोन वेळा जपानच्या कर्जसाहाय्याने तेथील जतन व पर्यटनविकासाचे प्रकल्प झाले. बौद्ध लेण्यांसाठी येणाऱ्या जपानी यात्रेकरूंना त्यांच्या भाषेत माहिती देणारे मार्गदर्शक औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहरात तयार झाले. इंग्रजीखेरीज अन्य परकीय भाषेत काम करणाऱ्या मार्गदर्शकाला वेगळा भाषाभत्ता मिळण्याची पद्धत आपल्या देशात जुनी आहे. लेणी तीच, पायऱ्या त्याच, ऊन तेच. पण भाषा येणाऱ्याची मजुरी वेगळी!

जासईच्या उरण तालुक्यातच घारापुरी आहे. १९८७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून जे बारा किल्ले या यादीत गेले, त्यांतील रायगड आणि खांदेरी हे दोन याच जिल्ह्यातले. परंतु घारापुरीचा परदेशी पाहुणा गेटवेहून लाँचमध्ये बसतो आणि गेटवेलाच परततो. त्याचे हॉटेल मुंबईत, त्याचा टूर ऑपरेटर मुंबईत आणि बहुधा त्याचा गाइडही मुंबईतला. तालुक्याच्या वाट्याला शहाळे आणि टोपी विकणे राहते. विमानतळ या किनाऱ्यावर आल्यावर हे चित्र बदलू शकते. मात्र ते आपोआप बदलणार नाही.

भाषा आधी का?

पहिले कारण असे की पर्यटन हा नाजूक धंदा आहे. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली, ती नियमितपणे सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. दोन वर्षे! अडीच शतकांचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्जसारखी कंपनी तर त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. अशा काळात ज्याच्याजवळ केवळ पर्यटनाची पदविका होती, तो घरी बसला. ज्याला जर्मन, फ्रेंच किंवा जपानी येत होते, त्याला भाषांतर, शिकवणी, परदेशी कंपन्यांची कार्यालयीन कामे असे दुसरे दरवाजे होते. पदविका एका धंद्याची असते, भाषा अनेक धंद्यांची.

दुसरे कारण खर्चाचे. भाषा इथे राहून, घरचे जेवण जेवून शिकता येते. परदेशात जाऊन पहिल्यापासून शिकायची तर प्रत्येक धड्यावर तिथल्या खोलीचे भाडे चढते.

तिसरे कारण परीक्षेचे. भाषा ही अशी विद्या आहे की जिची पातळी जगभर एकाच मापाने मोजली जाते. युरोपीय भाषांना ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. जपानीला एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच. परीक्षा तटस्थ संस्था घेते. त्यामुळे मुलगा परदेशी जाण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे एजंटच्या तोंडून ऐकावे लागत नाही; कागदावर दिसते. जो मुलगा इथे बी-१ पर्यंत पोहोचू शकला नाही, त्याला लाखो रुपये खर्चून पाठवू नये, एवढा निर्णय तरी बाप ठामपणे घेऊ शकतो.

आता वेळेचा हिशेब. जपानीची आजच्या एन-४ सारखी पातळी गाठायला पूर्वी साधारण ३०० तास धरले जात. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर ४०० तास होतात. म्हणजे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत नेमाने बसणारा विद्यार्थी कोणत्याही भाषेत उपयोगी पडेल अशा पातळीला येऊ शकतो. मोबाइलवर जाणारा वेळ पाहिला तर दोन तास फार वाटू नयेत.

कोणती भाषा?

जर्मन : जर्मनीत हॉटेल व्यवसायाचे शिक्षण 'आउसबिल्डुंग' पद्धतीने मिळते. साधारण तीन वर्षे काही दिवस शाळेत आणि उरलेले प्रत्यक्ष हॉटेलात. या काळात हॉटेल विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन देते. म्हणजे शिकण्यासाठी पैसे भरायचे नाहीत, तर मिळवायचे! परंतु त्यासाठी साधारणतः बी-१ जर्मन आधीच लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्यात हॉटेल सेवांचाही समावेश होता. पण करार शासनाचा असला तरी जर्मन आपल्यालाच शिकावी लागते.

जपानी : एप्रिल २०१९ पासून जपानने विशिष्ट कौशल्यधारकांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. त्यात हॉटेल-निवास आणि खाद्यसेवा ही क्षेत्रे आहेत. भारताशी याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एन-४ किंवा तत्सम भाषा-चाचणी आणि त्या क्षेत्राची कौशल्य-चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब सोबत नेता येत नाही, हेही आधीच जाणून घ्यावे.

फ्रेंच : हॉटेल व पाककलेच्या जगात तिचे स्थान जुने आहे. जगातील पहिले हॉटेल विद्यालय १८९३ साली स्वित्झर्लंडच्या लोझान या फ्रेंचभाषक शहरात निघाले. तिथली फी आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची आहे; फ्रेंच मात्र आवाक्यात आहे. डेल्फ या परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते.

अरबी : हिच्याविषयी आमच्या वाचकांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. आपल्या घरांतील बहुतेक मुले अरबी अक्षरे ओळखतात, वाचतातही. पण अरब पाहुण्याशी दोन वाक्ये बोलायची वेळ आली की गप्प होतात. कोकणातील माणसे जहाजावर खलाशी म्हणून गेली. १९७० नंतर आखातात गेली, तिथल्या भटारखान्यांत आणि हॉटेलांत आयुष्ये घातली. त्यांनी कामापुरती अरबी कानाने उचलली, प्रमाणपत्र कोणी घेतले नाही. म्हणून वीस-वीस वर्षे राहूनही अनेक जण स्वयंपाकघरातून स्वागतकक्षापर्यंत पोहोचले नाहीत. सौदी अरबने सप्टेंबर २०१९ पासून सर्वसाधारण पर्यटकांना व्हिसा देण्यास सुरुवात केली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत अरब रुग्णांसाठी दुभाषे लागतात. ज्या भाषेचा पाया घरातच आहे, तिच्यावर इमारत न बांधणे याला काय म्हणावे?

हज-उमऱ्याची सहल हा तर आपल्या समाजाचा जुना पर्यटन-व्यवसाय. मुंबईहून जेद्दाहला जाणारी जहाजे १९९५ मध्ये बंद झाली आणि सारा कारभार विमान, हॉटेल-करार आणि आता संगणकीय पोर्टल यांवर आला. २०२५ च्या हजला खासगी चालकांच्या वाट्याच्या हजारो जागा सौदी मुदतीत करार व पैसे पूर्ण न झाल्यामुळे हातच्या गेल्या. दोष कोणाचा यावर वाद झाला. पण या धंद्यात यापुढे केवळ ओळखीवर भागणार नाही, व्यवस्थापन आणि भाषा जाणणारी शिकलेली माणसे लागतील, एवढे सर्वांना कळून चुकले.

इथे काय शिकता येईल?

भाषेसाठी मुंबईत मॅक्स म्युलर भवन, अलियान्स फ्रान्सेज आणि मुंबई विद्यापीठाचे भाषा विभाग आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. २०२० नंतर दूरस्थ वर्गही मोठ्या प्रमाणावर निघाले. जासईच्या मुलाला आठवड्याचे पाचही दिवस मुंबई गाठण्याचे कारण उरलेले नाही.

पदवीसाठी दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासून आहे. तिथे राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून जावे लागते. केंद्र सरकारची पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली; ती ग्वाल्हेरला आहे आणि तिचे एक केंद्र गोव्यात आहे. ज्याला नोकरी सांभाळून शिकायचे आहे, त्याच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे पर्यटन अभ्यासक्रम आहेत. या सरकारी संस्थांची नावे फलकांवर दिसत नाहीत, कारण त्यांना एजंटला दलाली द्यायची नसते.

परदेशाचा हिशेब

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. विद्यार्थी-व्हिसासाठी राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, आधीच एका राखीव खात्यात दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे कागदपत्र-पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज-सवलतीची योजना होती, ती २०२२-२३ मध्ये बंद झाली. आजही काही एजंट तिचे नाव सांगून पालकांना धीर देतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जे आहेत. तिथे स्वतः जाऊन चौकशी करावी.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या स्थलांतर कायद्याने नोंदणी करावी लागते आणि त्याने किती शुल्क घ्यावे याला मर्यादा आहे. परंतु 'शिक्षणासाठी' पाठवणाऱ्या सल्लागाराला हा कायदा लागू होत नाही. म्हणूनच काही जण नोकरीलाच शिक्षणाचे नाव देतात. पाच-सात लाख घेऊन 'हॉस्पिटॅलिटी पदविका' म्हणून मुलाला पाठवतात आणि तो तिथे वर्षभर भांडी घासतो. भांडी घासण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो भांडी घासण्यासाठी स्वतःच पैसे भरण्यात!

दोन शंका

मोबाइल आता क्षणात भाषांतर करतो, मग भाषा कशाला, असे तरुण विचारतात. रस्ता विचारायला मोबाइल पुरेसा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण सामान हरवलेला, आजारी पडलेला, बिलावरून चिडलेला पाहुणा यंत्राशी बोलून शांत होत नाही. शिवाय वर सांगितलेल्या जर्मन आणि जपानी दरवाजांवर परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षेला मोबाइल नेता येत नाही. यंत्रामुळे अर्धवट भाषा येणाऱ्याची किंमत कमी होईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच शिकायचे तर बी-१, बी-२ पर्यंत; ए-१ चे प्रमाणपत्र घेऊन थांबू नये.

दुसरी शंका मुलींची. या धंद्यात रात्रपाळी असते, म्हणून पालक कचरतात. पण सहलीची आखणी, व्हिसा, भाषांतर, रुग्णालयातील दुभाषाचे काम, ही दिवसाची आणि काही तर घरून करता येणारी कामे आहेत. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्याचे 'आई' धोरण २०२३ मध्ये आले. त्यात १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरील व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत शासन देते. आमच्या भगिनींनी ही माहिती काढावी.

करायचे काय?

आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, पालकांसाठी : बी-१ किंवा एन-४ चा निकाल हातात येईपर्यंत परदेशाच्या नावाने एक रुपयाही कोणाला देऊ नये आणि भूखंड तर मुळीच विकू नये. दुसरी, फुंडे, उरण व पनवेलच्या महाविद्यालयांसाठी : संध्याकाळी एक वर्ग उघडून तिथे जर्मन, जपानी किंवा बोलीभाषेतील अरबीचा नियमित वर्ग सुरू करावा. तिसरी, ग्रामपंचायती, जमाती आणि प्रकल्पग्रस्तांच्या संघटनांसाठी : विमानतळाकडे नोकऱ्या मागताना आकड्यासोबत दर्जाही मागावा. शंभर झाडूवाले आणि दहा स्वागत-अधिकारी यांत फरक आहे, आणि भाषा शिकलेली मुले तयार असतील तरच त्या दहा जागांवर हक्क सांगता येईल.

१९८४ साली जासईच्या माणसांनी जमिनीचा भाव लढून मिळवला. आजच्या तरुणाला गोळी झेलायची नाही. रोज दोन तास वही-पेन घेऊन बसायचे आहे. विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याला त्याच्या भाषेत 'या, बसा' म्हणणारा पहिला आवाज याच मातीतला असावा. तो आवाज आजच घडवायला घेतला तर दोन वर्षांनी तयार होईल. उशीर केला तर बंदराच्या वेळी झाले तेच पुन्हा होईल : टेबल दुसऱ्याचे आणि राखण आपली.